कच्चा रस्ता वाहून जातो कुठं? देखभालीचा पैसा आणि गावाचं प्रदूषण

ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघाला की मागणी ठरलेली असते. डांबरी करा, नाहीतर सिमेंटचा करा. आहे त्या कच्च्या रस्त्याची नीट देखभाल करा, अशी मागणी करणारा माणूस मला अजून भेटायचाय. आणि हा रस्ता प्रदूषण करतो, त्यासाठी सरकारी पैसा मागा, असं कुणी म्हटलंच तर लोक हसतील. प्रदूषण म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कारखान्याची चिमणी येते, फार तर साखर कारखान्याची मळी सोडलेला नाला येतो. गावापासून वस्तीपर्यंत जाणारा मुरमाचा रस्ता येत नाही.

पण एक साधा हिशेब करून बघू. वहीपेन घेतलं तरी चालेल, पाचवीच्या पुढचं गणित नाही.

एक किलोमीटर लांब आणि तीन मीटर रुंद असा रस्ता धरा. एका पावसाळ्यात त्याचा वरचा फक्त एक सेंटिमीटर थर गेला असं समजा. म्हणजे 1000 गुणिले 3 गुणिले 0.01, तीस घनमीटर माल. आपल्या भाषेत साडेदहा ब्रास. ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत साधारण एक ब्रास मुरूम बसतो, म्हणजे दहा-अकरा ट्रॉल्या. एक सेंटिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढं, रस्त्यानं जाताना ते कमी झालेलं कळतही नाही. आणि ज्या रस्त्यावर चाकोऱ्या पडून वीतभर खोल घळी झाल्यात, तिथून किती ट्रॉल्या गेल्या याचा अंदाज तुम्हीच करा.

आता खरा प्रश्न. त्या दहा ट्रॉल्या गेल्या कुठं?

काही भाग उन्हाळ्यात धूळ होऊन हवेत गेला. बराचसा पावसात वाहून नाल्यात, नाल्यातून ओढ्यात आणि शेवटी गावतळ्यात किंवा पाझर तलावात बसला. एकाच रस्त्याची ही दोन प्रदूषणं आहेत, एक हवेचं आणि एक पाण्याचं. आणि आपण तिसऱ्यांदा पैसे मोजतो, कारण गेलेल्या मुरमाच्या जागी पुन्हा मुरूम टाकावा लागतो. तो कुठल्यातरी टेकडीचं पोट फोडूनच येतो.

पाणी रस्त्यावरनं का धावतं

आपल्याकडची जुनी पाणंद आठवा. दोन्ही बाजूंना बांध, बांधावर बाभळी-निवडुंग, आणि मधली वाट शेताच्या पातळीपेक्षा हात-दोन हात खाली. ही वाट मुळात अशी खोल नव्हती. बैलगाड्यांनी माती मोकळी केली, पावसानं ती नेली, पुढे ट्रॅक्टर आले, मग जेसीबीनं वर्षातून एकदा खरवडून 'सपाट' केली. दर खेपेला वाट थोडी खाली गेली. एकदा का रस्ता शेताच्या खाली गेला की तो रस्ता राहत नाही, नाला होतो. वरच्या शिवाराचं पाणी त्यात उतरतं आणि बाहेर पडायला जागा नसल्यामुळे थेट उतारानं पळत सुटतं.

याचाही हिशेब आहे. एका दिवसात 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर आपल्या त्या एक किलोमीटर रस्त्यावर, नुसत्या रस्त्याच्याच अंगावर, दीड लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे पंधरा टँकर. शेतातनं येणारं पाणी वेगळं. हे सगळं पाणी जर एकाच दिशेनं, एकाच वाटेनं, उताराच्या शेवटी एकदम बाहेर पडत असेल, तर खालच्या माणसाची विहीर गढूळ होणार, पुलाची नळी बुजणार, रस्ता चिरत जाणार. तेच पाणी दर 50 मीटरवर बाजूला काढून दिलं, तर प्रत्येक ठिकाणी वाट्याला फक्त साडेसात हजार लिटर येतं. एवढं पाणी गवताच्या पट्ट्यातनं गेलं तर माती तिथंच टाकून पुढं जिरतं. सगळं इंजिनिअरिंग एवढंच आहे म्हटलं तरी चालेल. पाणी रस्त्यावर थांबू द्यायचं नाही आणि रस्त्यावरनं धावूही द्यायचं नाही.

सातवीच्या मुलांना गाळ शिकवताना मी एक गोष्ट करायला लावतो. जोराचा पाऊस झाला की दोन रिकाम्या बाटल्या घ्यायच्या. ओढ्याला रस्ता जिथं ओलांडतो, त्याच्या वरच्या बाजूला एक भरायची, खालच्या बाजूला दुसरी. दोन्ही रात्रभर खिडकीत ठेवायच्या. सकाळी बुडाशी बसलेला थर बोटानं मोजायचा. पुस्तकातला धडा मुलं विसरतात, ही बाटली विसरत नाहीत.

धुळीचं काय

धुळीकडं आपण फार उदारपणे बघतो. गाव म्हटलं की धूळ असणारच, असं. पण कच्च्या रस्त्यावरची धूळ किती उडते हे नशिबावर नसतं. तीन गोष्टींवर ते ठरतं. रस्त्याच्या वरच्या थरात बारीक माती किती, गाडीचं वजन किती आणि तिचा वेग किती. बारीक म्हणजे 75 मायक्रॉनच्या खालचे कण, चाळणीतनं पिठासारखे गळणारे. शेतातनं येणारा ट्रॅक्टर चाकाला चिकटलेली काळी माती रस्त्यावर आणून टाकतो, ती वाळते, पुढच्या टिप्परखाली तिचं पीठ होतं आणि त्यानंतर शाळेत निघालेली पोरं त्यातनं चालतात.

यातले मोठे कण नाकात-घशात अडकतात, दहा मायक्रॉनच्या खालचे श्वासनलिकेत उतरतात. दमा असलेल्या मुलासाठी हा काही किरकोळ मामला नाही. 10 मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी देशात 2009 पासून मानक ठरलेलं आहे. 24 तासांची सरासरी हवेच्या घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम, वर्षाची 60. हे मानक गावालाही तितकंच लागू आहे. पण मोजणार कोण? राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी 2019 मध्ये सुरू झाला तो शहरांसाठी. जालना, लातूर, अकोला, जळगाव ही आपल्या भागातली शहरं त्यात आहेत. तिथं धूळ झाडणारी यंत्रं येतात, पाणी फवारणाऱ्या गाड्या येतात. शहराची हद्द संपली की पाटी संपते, निधी संपतो. धूळ मात्र पुढेही असतेच.

शेतकऱ्याचं नुकसान वेगळं. रस्त्याकडेच्या चार-सहा ओळी बघा, कापूस असो की डाळिंब. पानावर धुळीचा थर बसला की पान आपलं काम नीट करत नाही, आणि लाल कोळीसारखी कीड अशाच धुळकट झाडांवर जास्त माजते, कारण कोळ्याला खाणारे मित्रकीटक धुळीत टिकत नाहीत. मग त्या ओळींवर फवारणी वाढते. हा खर्च रस्त्याच्या खात्यात कुणीच लिहीत नाही.

मासे धरणाऱ्यांनी सुरू केलेली योजना

अमेरिकेतल्या पेनसिल्वेनिया राज्याचं उदाहरण मला इथं द्यावंसं वाटतं. श्रीमंत देशाचं उदाहरण देऊन आपल्याला काय फायदा, असं कुणी म्हणेल. पण तिथली समस्या अगदी आपल्या पाणंदीसारखी होती. डोंगराळ भाग, खेड्यांतले हजारो मैल कच्चे रस्ते, वर्षानुवर्षं खरवडून शेताच्या खाली गेलेले. तिथल्या थंड ओढ्यांत ट्राउट नावाचा मासा असतो. तो खड्यांमध्ये अंडी घालतो. रस्त्याचा गाळ ओढ्यात आला की खड्यांच्या फटी बुजतात आणि अंडी गुदमरतात. ही गोष्ट आधी इंजिनिअरांच्या लक्षात आली नाही, मासे धरणाऱ्यांच्या आली. त्यांच्या संघटनेच्या स्वयंसेवकांनी ओढ्याकाठानं फिरून कुठल्या रस्त्याचा गाळ कुठं उतरतो, अशा शेकडो जागांची नोंद केली.

त्यातनं 1997 मध्ये कायदा झाला. राज्याच्या वाहन कायद्यातच कलम घातलं आणि इंधनकराच्या पैशातनं दरवर्षी 50 लाख डॉलर कच्च्या रस्त्यांच्या देखभालीसाठी बाजूला काढले. 2013 मध्ये ही रक्कम वर्षाला साडेतीन कोटी डॉलर झाली. त्यातले 2 कोटी 80 लाख राज्याच्या मृद-जलसंधारण आयोगाला आणि 70 लाख जंगलातल्या रस्त्यांसाठी वनखात्याला. कमी रहदारीचे डांबरी रस्तेही मग योजनेत घेतले.

रकमेपेक्षा मला तिची वाट महत्त्वाची वाटते. हा पैसा रस्तेबांधणी खात्याकडे गेला नाही. तो गेला जिल्ह्याजिल्ह्यांतल्या जलसंधारण मंडळांकडे, जे माती आणि पाणी बघतात. गावानं अर्ज करायचा तर रस्त्याची जबाबदारी असलेल्या माणसानं मागच्या पाच वर्षांत दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेलं असलं पाहिजे. प्रशिक्षण नाही तर अर्जच नाही. स्थानिक समितीत मत्स्यखात्याचा माणूस बसतो, मृदसंधारणाचा बसतो. कुठला रस्ता आधी घ्यायचा हे ठरवताना विचारतात की कुठल्या रस्त्याचा गाळ ओढ्याला जास्त त्रास देतोय. कुठल्या आळीत मतं जास्त, हा निकष त्यात नाही. राज्याच्या विद्यापीठात या कामासाठी खास केंद्र आहे. रस्ता भरून पुन्हा शेताच्या पातळीला कसा आणायचा, पाणी कुठं वळवायचं, कसला माल वापरायचा, हे ते शिकवतं. म्हणजे कच्चा रस्ता हा कच्चाच ठेवून नीट राखता येतो, आणि त्याचं शास्त्र असतं, एवढं त्यांनी मान्य केलं. आपल्याकडं कच्चा रस्ता म्हणजे अजून पक्का न झालेला रस्ता. त्यामुळे त्याच्यावर खर्च करणं म्हणजे पैसा वाया घालवणं, अशी समजूत.

आपल्याकडं पैसा आहे का?

आहे. पण तो नवं बांधायला सहज मिळतो, जुनं सांभाळायला नाही.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना डिसेंबर 2000 मध्ये आली. पेट्रोल-डिझेलवरच्या उपकराचा पैसा तिला मिळत आला आहे. या योजनेत एक चांगली अट आहे, रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारानंच पाच वर्षं देखभाल करायची. पण ही अट योजनेतल्या पक्क्या रस्त्याला. आपल्या वस्तीची, शेताची, कब्रस्तानची वाट त्यात येत नाही.

जिल्हा परिषदेकडे ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग असतात. कार्यालयात गेलात तर दोन आकडे कानावर पडतील, 3054 आणि 5054. हे लेखाशीर्षांचे क्रमांक आहेत. 5054 म्हणजे रस्त्यांवरचा भांडवली खर्च, 3054 म्हणजे महसुली, ज्यात दुरुस्ती-देखभाल येते. आता यातली मेख अशी की रस्त्याला क्रमांक असला पाहिजे. ग्रामीण मार्ग क्रमांक अमुक, असं नोंदवहीत नसेल तर साहेब सहानुभूतीनं चहा पाजतील, पण पैसा देऊ शकणार नाहीत. पुष्कळ वाड्या-वस्त्यांच्या रस्त्यांचं घोडं इथंच अडतं.

पाणंद रस्त्यांसाठी राज्यानं 2018 मध्ये पालकमंत्री शेत-पाणंद रस्ते योजना काढली, 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना. दुसऱ्या योजनेत रोजगार हमीचा पैसा आणि राज्याचा पैसा एकत्र केला. त्याचं कारण होतं. 2005 च्या रोजगार हमी कायद्याप्रमाणे मजुरीवर 60 आणि साहित्यावर 40 असं प्रमाण ठेवावं लागे. खडी-मुरमाच्या कामात साहित्याचा खर्च जास्त, ते या मापात बसेना. योजनेनं वाटा मोकळ्या झाल्या, माल पडला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या रस्त्यावर तिसऱ्या पावसाळ्यात चर कोण काढणार?

ग्रामपंचायतीच्या हातात थेट येणारा पैसा म्हणजे वित्त आयोगाचा. 15 व्या आयोगाच्या 2021 ते 2026 या काळात त्यातला 60 टक्के पैसा बंधित होता, निम्मा स्वच्छतेसाठी आणि निम्मा पाण्यासाठी. पाण्याच्या भागात पावसाचं पाणी साठवणं-जिरवणं हेही येतं. उरलेला 40 टक्के अबंधित, तो गावानं आपल्या गरजेप्रमाणे वापरायचा, पगारावर सोडून. म्हणजे रस्त्याकडेचा चर आणि नळी अबंधित पैशात, आणि त्या चराचं पाणी जिथं जिरवायचं तो खड्डा बंधित पैशात, असं बसवता येण्यासारखं होतं. किती गावांनी बसवलं? माझ्या ओळखीच्या गावांत अबंधित पैसा पेव्हर ब्लॉकवर गेला. पेव्हर ब्लॉकवर पाटी लावता येते, उद्घाटन होतं. चर काढल्याचं उद्घाटन कोण करणार आणि नारळ कुठं फोडणार!

खाणीच्या पट्ट्यातल्या गावांसाठी, म्हणजे चंद्रपूर, वणी, उमरेडकडच्या लोकांसाठी, आणखी एक दार आहे. 2015 च्या कायदादुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झालं. खाणचालकांकडून येणारा हा पैसा खाणबाधित गावांवर खर्च करायचा असतो, आणि प्रदूषण नियंत्रण हा त्यातल्या अग्रक्रमाच्या विषयांत सांगितलेला आहे. कोळशाच्या ट्रकनं गावरस्त्याची धूळ करून टाकली असेल, तर त्या रस्त्याची देखभाल 'प्रदूषण नियंत्रण' या नावानं मागा, नुसतं 'रस्ता द्या' म्हणून नको. अर्जातल्या या एका शब्दानं फाइल वेगळ्या गठ्ठ्यात जाते.

कब्रस्तानचंही बोललं पाहिजे. अल्पसंख्याक विकास विभागाच्या ग्रामीण भागासाठीच्या योजनेतून अनेक गावांत कब्रस्तानला भिंत झाली, आत फरशी झाली. चांगलं झालं. पण गावाबाहेर, बहुतेक वेळा नाल्यापलीकडे असलेल्या त्या जागेपर्यंतची वाट तशीच. पावसाळ्यात जनाजा खांद्यावर घेऊन घोटाभर चिखलातनं जाणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत. स्मशानभूमीच्या वाटेचीही हीच गत असते, आणि पुष्कळदा ती वाट एकच असते. प्रस्ताव करताना भिंतीच्या अंदाजपत्रकात वाटेचा चर आणि नाल्यावरची नळीही धरली तर दोन्ही समाजांचं काम होतं.

एक उलटा हिशेबही सांगतो. 2017 पासून राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. तलावातला गाळ मशीननं काढायचा, डिझेलला पैसा द्यायचा. योजना उपयोगाची आहे, शेतकऱ्यानं गाळ नेला तर रान सुधारतं. पण वरच्या अंगाचे रस्ते उघडे ठेवून दर उन्हाळ्यात खाली गाळ उपसणं म्हणजे छप्पर गळतंय आणि आपण बादल्या बदलत बसलोय. तलावातला सगळा गाळ रस्त्यांचा नसतो, शेतांचाही असतो, हे खरंय. तरी तलावाकडं उतरणाऱ्या दोन-तीन रस्त्यांचं पाणी वळवण्याचं काम त्याच योजनेत का धरू नये, हा प्रश्न तालुक्याला विचारण्यासारखा आहे.

काम काय करायचं

फार महाग नाही. रस्त्याला मधोमध उंची द्यायची. तीन मीटर रस्त्याला मध्यभागी साधारण चार बोटं उंची असली की पाणी दोन्ही कडांना उतरतं. जेसीबीवाला रस्ता अगदी सपाट करून देतो आणि आपण खूश होतो, तिथंच बिघडतं. मुरमात नुसती माती नको आणि नुसते खडेही नकोत. खडे आणि त्यांना धरून ठेवणारा थोडा बारीक माल, असं मिश्रण पाहिजे, आणि ते पाणी मारून रोलरनं दाबलं पाहिजे. ट्रॉली उलटी करून फावड्यानं पसरलेला मुरूम हा रस्ता नसतो, तो पहिल्या पावसाची वाट बघणारा ढीग असतो. नळ्या मेच्या अखेरीला साफ, म्हणजे मृगाच्या आधी. शेतातनं रस्त्यावर चढणाऱ्या तोंडाशी चार पाट्या खडी टाकली तर ट्रॅक्टरचं चाक तिथंच माती झटकतं. वस्तीजवळ वेग कमी करायला लावला तर धूळ लगेच कमी होते, याला तर पैसाही लागत नाही.

अडचण खरी येते ती पाणी सोडताना. 'माझ्या रानात रस्त्याचं पाणी नको', म्हणून भांडणं होतात आणि ती खोटी नसतात. आजवर त्यानं पंधरा टँकरचा लोंढाच पाहिलेला असतो. जागा जितक्या जास्त, तितकं प्रत्येकाच्या वाट्याचं पाणी कमी, हे त्याला बांधावर उभं राहून दाखवावं लागतं. एका शेतकऱ्यावर सगळं ढकललं तर तो रात्रीतनं चर बुजवणारच.

पुढच्या वर्षीचा ग्रामपंचायत विकास आराखडा 2 ऑक्टोबरच्या आसपासच्या ग्रामसभांपासून आकार घेतो. त्यात एक ओळ घालून घ्यायची, 'कच्च्या रस्त्यांची वार्षिक देखभाल, चर व नळ्या', रस्त्यांची नावं आणि लांबीसकट. मोघम लिहिलं की पैसा दुसरीकडं वळतो. त्यासाठी तयारी मात्र पावसातच करावी लागते. जोराची सर आली की छत्री घेऊन रस्त्यानं वरपासून खालपर्यंत चाला. पाणी कुठं शिरतं, कुठं साचतं, कुठल्या नळीवरनं उडी मारतं, त्या प्रत्येक जागेचा मोबाइलवर फोटो काढा. ग्रामसेवकांना, त्यांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, तो फोटो तारखेसह अर्जाला जोडून द्या आणि पोच घ्या. उन्हाळ्यात तोच रस्ता कोरडा दिसतो. तेव्हा अंदाजपत्रक करायला आलेल्या माणसाला पाणी कुठनं आलं होतं ते दाखवायला दुसरं काही हाताशी नसतं.